रुळाची दांडी

४ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहीत बसत नाही. तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुझा सहायक म्हणाला, मंत्रीसाहेब बैठकीत आहेत. पत्राला कुणी दारात अडवणार नाही असं वाटलं, म्हणून लिहायला बसले.

आपल्या बुटकीचा उजवा हात गेला. मंगळवारी, सव्वाअकराला. आपल्या लॉन्ड्रीत इस्पितळाच्या चादरी इस्त्रीच्या रुळावर चढवत होती. एका चादरीचं टोक दुमडलं, ते सरळ करायला तिने हात पुढे केला, आणि चादरीबरोबर बोटंही आत गेली. रूळ काय असतो ते तुला सांगायला नको. खालचा वाफेने तापलेला, वरचा दाबणारा. एवढ्यासाठीच तर पुढे ती आडवी दांडी आहे, हाताचा नुसता धक्का लागला तरी दोन्ही रूळ जागच्या जागी थांबावेत म्हणून. रूळ थांबले नाहीत. मी घड्या घालायच्या टेबलाशी होते. भिंतीवरचं बटण दाबायला मला बारा पावलं धावावं लागलं. तोवर मनगटाच्या वरपर्यंत गेलं होतं.

नंतर पाहिलं, तर दांडी तारेने वर बांधून टाकलेली. मुकादमाचं काम. दांडी सारखी लागते, रूळ सारखे थांबतात, माल कमी निघतो, अशी त्याची महिनाभर कुरकुर चालली होती. युनियनने दोन अर्ज दिले. दोन्ही त्याच्या खणात आहेत.

मला एवढंच कळत नाही, की तुमच्या खात्याचा तपासनीस गेला कुठे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यायचा. फाटकाशी त्याचा खोकला ऐकू आला की मुकादम धावत जाऊन सगळं जागेवर लावायचा. डिसेंबरपासून त्याचं तोंड दिसलेलं नाही. इथे याने दांडी बांधली आणि तिकडे त्याने दांडी मारली. कामगार खातं तुझंच आहे. जरा बघ, त्याला कुणी खिशात घातलंय का.

आणि एकदा येऊन जा. शुद्धीवर आल्यावर बुटकीने पहिलं विचारलं, "पुढाऱ्याला कळवलं का?" ती अजून तुला पुढारीच म्हणते.

तुझी ताई


१५ मार्च

महोदय,

आपले दिनांक ४ मार्चचे निवेदन मा. मंत्रिमहोदयांच्या कार्यालयास प्राप्त झाले. त्यातील मजकुराची नोंद घेण्यात आली असून निवेदन योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आले आहे.

कळावे.

स्वीय सहायक, कामगारमंत्री


१८ मार्च

धाकट्या,

छप्पन्न वर्षं बाई म्हणून काढली, तुझ्या कचेरीने एका ओळीत महोदय करून टाकलं. हे पाकीट मी तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवतेय. वर 'बहिणीकडून' असं लिहिलंय. हेही वर्ग झालं तर मी स्वतः येऊन तुझ्या दारात बसेन, आणि बसायला मला येतं हे तुला ठाऊक आहे.

दोन आठवड्यांत इथे काय झालं ते ऐक. मालकांनी एक कागद काढलाय. त्यात लिहिलंय की दांडी बुटकीनेच तारेने बांधली, काम लवकर उरकावं म्हणून. खाली साक्षीदारांच्या सह्या. सात जणांनी केल्या. कुणाचं घर एकट्याच्या जिवावर चालतं, कुणाची नोकरी कच्ची, मी त्यांना नावं ठेवत नाही. माझ्यापुढे कागद आला तेव्हा मी मुकादमाला म्हटलं, "बुटकी चार फूट आठ इंच. ती तार सात फुटांवर बांधलीय. ती काय उडत गेली का?" दुसऱ्या दिवशी मला घड्यांवरून काढून मळक्या चादरी निवडायच्या खोलीत टाकलं. एकोणिसाव्या वर्षी तू तिथूनच सुरुवात केली होतीस, तेव्हा तुला सांगायला नको तिथे कपड्यांत काय काय निघतं. काल एका उशीच्या अभ्र्यात सुई निघाली.

बुटकी कोण, हे तू विसरला असशील तर आठवण करून देते. आपल्याबरोबर कामाला असलेल्या मावशींची बोटं त्याच रुळात गेली तेव्हा तू एक्केचाळीस दिवसांचा संप केलास. पोलीस तुला धरायला आले तेव्हा बुटकीने तुला चादरींच्या ढकलगाडीत घातलं, वर मळकी चादर टाकली आणि फाटकापर्यंत ढकलत नेलं. हवालदार म्हणाला, दाखव काय आहे. ती म्हणाली, साथीच्या वॉर्डातलं आहे, घाला हात. त्या संपातून आपल्याला ती दांडी मिळाली. तुला त्यातून विधानसभा मिळाली.

ती रोज विचारते. मी रोज खोटं सांगते, की तू कामात आहेस. मला खोटं बोलायची सवय नाही, जास्त दिवस जमणार नाही.

ताई


२४ मार्च

ताईस, वाकून नमस्कार.

स्वतःच्या हाताने लिहितोय. सहायकाची चांगली हजेरी घेतली आहे. तो नवा आहे, आलेला प्रत्येक कागद त्याला निवेदन वाटतो. तुझं पहिलं पत्र मला मिळालंच नव्हतं, यावर विश्वास ठेव.

बुटकीचं वाचून सुन्न झालो. पण हातावर हात ठेवून बसलो नाही. मालकांशी परवाच बोललो. तिला भरपाई मिळेल, कायद्यात आहे त्याहून जास्त. बरी झाली की कपड्यांची मोजदाद करायचं बैठं काम मिळेल. तुला उद्याच्या उद्या घड्यांवर परत घेतील. मुकादमाला दुसरीकडे हलवतील. हे सगळं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

फक्त एक कर. त्यांच्या कागदावर सही करू नको, पण चौकशीत 'दांडी कुणी बांधली ते मला ठाऊक नाही' एवढंच म्हण. ते खोटंही नाही, तू बांधताना पाहिलेलं नाहीस. अधिवेशन चालू आहे. विरोधक टपून बसलेत. महिना जाऊ दे, मग मी त्या मालकांना सरळ करतो.

तपासनिसाबद्दल विचारलंस. तपासणीची पद्धत मधे बदलली, प्रशासकीय बाब आहे, भेटलो की सांगेन.

तब्येत सांभाळ. मळक्या कपड्यांना हातमोजे घालूनच हात लाव.

धाकटा


३१ मार्च

हातमोजे फाटकेच असतात, मंत्रीसाहेब. तुम्ही होतात तेव्हाही फाटके होते, तेव्हा तुम्ही त्यावर भाषण करत होतात.

तू भेटून सांगणार होतास ती प्रशासकीय बाब मी स्वतः जाऊन बघून आले. शनिवारी अर्धा दिवस रजा टाकली आणि तुमच्या खात्याच्या इथल्या कचेरीत गेले. दोन तास बाकावर बसवलं. मग तो खोकणारा तपासनीस स्वतःच बाहेर आला. मी त्याला जे बोलले ते लिहीत नाही. लाचखाऊ हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द. सगळं ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "बाई, मला यायची बंदी आहे." आत नेऊन त्याने एक परिपत्रक दाखवलं. एक डिसेंबरपासून तपासनिसाने कारखान्यात जायचं नाही. मालकाने वर्षातून एकदा स्वतःच लिहून द्यायचं, की आमच्याकडे सगळं ठीकठाक आहे. कलम सात. त्याची एक नक्कल मी मागून घेतली.

खाली सही होती. त्या सहीचं शेवटचं अक्षर खाली ओढून मागे वळवायचं, हे तुला मी शिकवलंय, आपल्या स्वयंपाकघराच्या फरशीवर, कोळशाने. ओळखायला मला चष्मासुद्धा लागला नाही.

महिनाभर मी त्या म्हाताऱ्या तपासनिसाला शिव्या घातल्या. मुकादमाला घातल्या, मालकाला घातल्या. आणि बुटकीला सांगत राहिले, आपला माणूस वर बसलाय, तो बघून घेईल. आपल्या माणसाने बघूनच घेतलं होतं, तिचा हात जायच्या तीन महिने आधी.

भरपाई कबूल करून घेतलीस, मला घड्यांवर परत आणलंस. मी गेले नाही. अजून मळक्या चादरीच निवडतेय. तुझ्या सांगण्यावरून मिळालेल्या जागेवर मी उभी राहणार नाही.

ही सही तू का केलीस, एवढं सरळ लिही.


७ एप्रिल

ताई,

सरळ विचारलंस, सरळ लिहितो, आणि आता मीही रागातच लिहितोय.

सरकार कसं चालतं याची तुला कल्पना नाही. गेल्या हिवाळ्यात मालकांचं शिष्टमंडळ मुख्यमंत्र्यांकडे आलं होतं. तपासण्या थांबवा, नाहीतर कारखाने शेजारच्या प्रांतात हलवतो. तीन हजार माणसांचा प्रश्न होता. त्याच बैठकीत बाळंतपणाची रजा दुप्पट करून घेतली मी. कंत्राटी बायकांनासुद्धा. तुमच्याच लॉन्ड्रीतल्या चार पोरी आज त्या रजेवर आहेत, त्यांना जाऊन विचार. एक दिलं, एक घेतलं. युनियनच्या कचेरीत बसून फक्त मागता येतं. इथे बसलं की द्यावंही लागतं. त्या दिवशी माझ्यापुढे चौदा कागद होते. मंत्री प्रत्येकाची ओळन् ओळ वाचत बसला तर राज्य ठप्प होईल.

आणि दांडी मी बांधलेली नाही. तार माझ्या हातात नव्हती.

मला वर तुम्हीच पाठवलंत. खांद्यावर घेऊन नाचलात. मी नको म्हणत होतो, तेव्हा तू म्हणालीस, बाहेर ओरडून घसा फोडण्यापेक्षा आत जाऊन बस. आता आत बसलो तर मी चोर. बारा वर्षांत एक दिवस असा गेला नाही की कुणी दारात शिव्या घालायला उभं नव्हतं. मालक म्हणतात हा अजून संपवाला, तुम्ही म्हणता हा मालकांचा. मी नक्की कुणाचा, हे मलाही कधीकधी कळेनासं होतं.

बुटकीला मी विसरलेलो नाही. रविवारी गाजावाजा न करता इस्पितळात जाऊन आलो. फळं नेली होती. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. पाच मिनिटं उभा राहून परत आलो. तू तिचे कान भरले आहेस, हे कळलं.

ते परिपत्रक चौकशीत दाखवू नको. मंत्री म्हणून सांगत नाही. भाऊ म्हणून मागतोय.

धाकटा


१२ एप्रिल

मी तिला परिपत्रकाबद्दल एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. तिने तोंड का फिरवलं ते काल तिनेच सांगितलं.

"पुढारी आला," म्हणाली. "मला भरून आलं. फळं उशाशी ठेवली. मग त्याच्या मागून एक चष्मेवाला पुढे आला. त्याच्या हातात 'भरपाई मिळाली, तक्रार नाही' असा कागद आणि शाईचा डबा. म्हणाला, बाई, डावा अंगठा चालेल."

बुटकीला सही येते, धाकट्या. युनियनच्या वर्गात तूच शिकवलीस. दर बुधवारी पाळी सुटल्यावर आठ बायका ढकलगाड्या उलट्या करून त्यावर पाट्या ठेवून बसायच्या, आणि तू ओरडायचास, इथून पुढे कुणीही अंगठा द्यायचा नाही. सही करणारा हात रुळात गेला, म्हणून तू शाई घेऊन गेलास.

चौकशी वीस तारखेला आहे. मी साक्ष देणार. दांडीचं सांगणार, तारेचं सांगणार, आणि परिपत्रक पुढे ठेवणार. अंगावर जाण्याआधी समोरच्याला नोटीस द्यायची असते, ती ही दिली.


२३ एप्रिल

वर्तमानपत्रात वाचलं. 'मंत्र्यांच्या सख्ख्या बहिणीची साक्ष.' फोटोही चांगला आलाय. तुझं समाधान झालं असेल.

शाईच्या डब्याचं मला आधी माहीत नव्हतं. सहायकाने आपणहून नेला होता. पण त्याने तो बाहेर काढला तेव्हा मी त्याला थांब म्हणालो नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो. एवढं खरं आहे.

मुख्यमंत्र्यांनी काल बोलावून घेतलं. सोमवारी सभागृहात निवेदन करायचंय, ते छापून माझ्या टेबलावर आलंय. परिपत्रक धोरण म्हणून योग्य होतं, ते राबवताना खालच्या पातळीवर चूक झाली, असं त्यात आहे. ते वाचलं की प्रकरण मिटेल. माझं पदही राहील. मी अजून काही ठरवलेलं नाही. तुला का कळवतोय तेही सांगता येणार नाही.


२५ एप्रिल

हे पत्र युनियनच्या एका पोरीबरोबर गाडीने पाठवतेय, सोमवारच्या आत तुझ्या हातात पडावं म्हणून.

तुझी खालची पातळी मी काल बघून आले. तपासनिसाला निलंबित केलंय. कारण लिहिलंय, तपासणीत कसूर. ज्याला जायची बंदी केलीत, त्याच्यावर गेला नाही म्हणून ठपका. निवृत्तीला त्याचे सात महिने राहिलेत. बायको दारातच उभी होती, मला आत या म्हणाली नाही. मी तुझी बहीण ना. तो मात्र बाहेर आला. म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ तरुण असताना मी त्याच्या बाजूने अहवाल लिहिले होते. दांडी बसवा अशी शिफारस पहिल्यांदा मी केली होती." हे मला ठाऊक नव्हतं. तुला होतं का?

सोमवारी काय वाचायचं ते तू ठरव. पण आता पद राहील की जाईल हे मला लिहून सांगू नको. बुटकी डाव्या हाताने जेवायला शिकतेय, भात सगळा अंगावर सांडतो, आणि मी तुझ्या खुर्चीची काळजी करू?


३० एप्रिल

ताई,

रेडिओवर ऐकलंच असशील. तरी माझ्याकडून ऐक.

कागद हातात होता. 'खालच्या पातळीवरील अधिकाऱ्यांच्या कसुरीमुळे' इथपर्यंत वाचलं. पुढे तपासनिसाचं पदनाम होतं. हो, मला ठाऊक होतं. दांडीची पहिली शिफारस त्याची होती. तो अहवाल खिशात घेऊनच मी संप पुकारला होता. पुढचं वाचवेना. कागद खाली ठेवला आणि म्हणालो, परिपत्रकावरची सही माझी आहे आणि मी ती वाचून केली आहे.

सभागृहात सांगितलं नाही ते तुला सांगतो. चौदा कागदांचं मी तुला लिहिलं, ते तुला वाटावं म्हणून, की न वाचता केली. मी ते परिपत्रक दोनदा वाचलं होतं. सातव्या कलमाशी आलो तेव्हा आपला रूळ डोळ्यांपुढे उभा राहिला. मनात म्हटलं, आपल्या लॉन्ड्रीत युनियन आहे, ताई आहे, तिथे कुणाची हिंमत होणार नाही. बाकीच्यांचं बघू. आणि सही केली.

संध्याकाळच्या आत राजीनामा मागितला, दिला. परिपत्रक मागे घेतलंय. तपासनीस सोमवारपासून कामावर येईल. बंगला पंधरा दिवसांत सोडायचाय. फोन अगदी गप्प झालाय.

मला परत यायचंय. पुन्हा युनियनचं काम करेन, काय द्याल ते. एक सभा बोलवा. कामगारांपुढे मला मोकळेपणाने बोलायचंय. मी बोललो तर त्यांना समजेल, ते नेहमी समजून घेत आलेत. अध्यक्षपदी तू बस.

तुझा धाकटा


१० मे

धाकट्या,

सभा झाली. तुझ्याशिवाय घेतली.

तुझं पत्र मी सगळ्यांपुढे वाचलं. विचारलं नाही तुला, आणि विचारणारही नव्हते. सभागृहातल्या भागाला काहींनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्यांपैकी दोघांनी डोळे पुसले. मग 'बाकीच्यांचं बघू' आलं, आणि पुढे कुणाचा हात टाळीला उठला नाही.

माझं सांगते. तू न वाचता सही केलीस, एवढ्या एका समजुतीवर मी महिनाभर तुला आतल्या आत थोडं थोडं माफ करत होते. साक्ष दिली तेव्हाही मनात तेच होतं, पोरगा गडबडीत फसला. तेवढा आधारही तू काढून घेतलास. खरं बोललास, चांगलं केलंस, कुणाचं पद गेल्याचं मला सुख नाही. पण राग उतरलेला नाही. उलट आता तो कुठे ठेवायचा ते नीट कळलंय.

दांडी खाली आलीय. मुकादमाला कामावरून काढलं. बुटकीने दांडी बांधली म्हणणारा कागद सातही जणांनी मागे घेतला. तिला भरपाई कायद्याने मिळतेय, तुझ्या शब्दावर नाही. ती सभेला आली होती. तुला घ्यायचं की नाही यावर तासभर भांडणं झाली. एक जण म्हणाला, पुढारी पुन्हा आपला झाला, हार घालू. दुसरी म्हणाली, फाटकाच्या आत पाऊल टाकू देऊ नका. शेवटी बुटकी उठली. म्हणाली, "येऊ दे. भाषण नको. आपण भाषण ऐकलं की विरघळतो, त्यालाही ते माहीत आहे. मी एक विचारेन तेवढ्याचं उत्तर द्यावं. बाकीचे म्हणजे कोण, हे त्याने सांगावं."

हात वर करून तसंच ठरलं. माझाही हात होता.

आता उत्तर तुला बंगल्यात बसून मिळणार नाही, म्हणून तपासनिसाने एक यादी करून दिलीय. तपासण्या बंद होत्या तेवढ्या काळात या भागात यंत्रावर कोण कोण जायबंदी झालं, त्याची. बुटकी सोडून नऊ जण. एक लाकूडकटाईवाला आहे, त्याचे डोळे गेले. एक पोरगी बिस्किटांच्या कारखान्यातली, एकोणीस वर्षांची. एक जण वाचला नाही, त्याच्या घरी फक्त आई आहे. त्यांच्या कारखान्यांत युनियन नाही, आणि त्यांच्यातल्या कुणाची बहीण मंत्र्याला पत्रं लिहीत नव्हती.

पुढची सभा पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहाला. तोवर या नऊ घरी जा. गाडी नको, सहायक नको, फळं नकोत. शिव्या देतील, ऐकून घे. दार लावतील, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. मग सभेला ये आणि मागच्या बाकावर बस. तुला पुढे बोलावलं तरी जाऊ नको, बुटकीने विचारेपर्यंत.

सभेनंतर घरी जेवायला ये, असं लिहावंसं वाटलं. पण खोटं कशाला लिहू. तुला समोर बसवून वाढायची अजून माझी तयारी नाही.

पत्ते मागच्या पानावर आहेत.

ताई